ते भाषण मी मागे घेते



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. मुगाच्या पापडांचं प्रमाण पुढच्या वेळी नक्की देते, कारण तिघीचौघींनी विचारलंय. आज मला एक जुनं खातं मिटवायचंय आणि त्यातली चूक माझी आहे. पण चूक माझी एकटीची नाही, म्हणून जाहीरपणे लिहितेय. कुणाला राग आला तर येऊ दे.

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेच्या घरी बैठक बसली. बैठक म्हणजे घरचीच दहा-बारा माणसं. कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती ती नणंदेची नात. पोरगी मेकॅनिकल इंजिनिअर, पहिल्या वर्गात पास. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात तिला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळालाय. पाठवायची की नाही, एवढाच विषय. आजोबा म्हणाले खर्च फार. काका म्हणाला पोरीची जात, एकटी कशी राहील? मग तिची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मामी, तुम्हीच तर सांगितलं होतंत ना त्या वेळी महिला मंडळात? तिथं धर्म पाळणं शक्यच नाही, माणसं थंड, संस्कार नाहीत म्हणून! मी पहिल्या रांगेत बसले होते. अजून आठवतंय मला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीनंही पाहिलं. आणि मला घोटभर पाणी प्यावं लागलं.

हो, मी म्हणाले होते. १९९७ साली, चातुर्मासात, मंडळाच्या सभागृहात, माइकवरून. आमच्या गावातून परदेशी जाऊन आलेल्या बायका तेव्हा बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, त्यामुळे 'माझा परदेश प्रवास' या विषयावर माझं भाषण ठेवलं होतं. तीन मुद्दे मांडले होते. एक, तिथं पाहुण्याला रात्री थंडगार पाव वाढतात, अन्नाला धर्म नाही. दोन, पोटच्या पोराला अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात, मायाच नाही. तीन, जीवदया हा शब्द त्यांच्या कोशातच नाही. भरपूर टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाईंनी श्रीफळ आणि शाल दिली.

ते तिन्ही मुद्दे मी आज मागे घेते. एकेक करून घेते, कारण मी बी.कॉम. आहे आणि नोंद रद्द करायची तर कारण लिहावं लागतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं.

आधी ते घडलं कसं, ते सांगते.

आमची फाउंड्री. पंपाचे सुटे भाग ओतायचे. हानोव्हरला दर वर्षी एप्रिलच्या सुमारास यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, ते बघायला ह्यांना जायचं होतं. हॉटेलं परवडण्यासारखी नव्हती. पण प्रदर्शनाच्या दिवसांत तिथले लोक घरातली एखादी खोली भाड्यानं देतात. अशाच एका जोडप्याच्या घरी आम्ही सहा दिवस राहिलो. बाई माझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी. माझ्या बॅगेत मेथीच्या दशम्या, शेंगाची चटणी, भडंग, भाजणी, खाकरे आणि पाणी गाळायचं नवं कोरं वस्त्र.

आम्ही पोहोचलो शनिवारी संध्याकाळी. दूध आणि भाजी आणावी म्हणून बाहेर पडलो, तर बाजार चिडीचूप. तेव्हा तिथल्या कायद्यानं शनिवारी दुपारी चारला दुकानं बंद होत आणि रविवारी पूर्ण दिवस उघडत नसत. आपल्याकडे दुकानदार रात्री दहाला शटर अर्धं ओढून का होईना पण साखर देतो. मला वाटलं, काय हा देश! मग प्यायला पाणी मागितलं तर सोड्यासारखं बुडबुड्यांचं पाणी आलं. रस्ता ओलांडायला उभे राहिलो, तर एक गाडी नाही, कुत्रं नाही, तरी पाच-सहा माणसं लाल दिव्याकडे बघत थांबलेली. ट्राममध्ये चढलो तर तिकीट बघणारा कुणी नाही. ह्यांनी तिकिटं काढली होती, पण मी म्हटलं, "उगीच काढलीत की हो!" हे वाक्य मी भाषणात विनोद म्हणून सांगितलं होतं. हशा पिकला होता. बघा, अचौर्य अणुव्रतावर स्वाध्याय करणाऱ्या बायका आम्ही!

रविवारी घरमालकीण बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. "व्हेजिटेरियन" हे ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. टेबलावर काळसर पाव, लोणी, चीज, काकडी आणि वाफाळणारं बटाट्याचं सूप. मी वाडग्याकडे बघितलं आणि तोंडच फिरवलं. बाईंनी विचारलं, काय झालं? मला तेव्हा इंग्रजी बोलायचा सराव नव्हता. मी म्हटलं, "नो पोटॅटो. वुई नॉट इट." त्या म्हणाल्या, का? मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, तब्येतीमुळे की धर्मामुळे? मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही," तेही मराठीत.

मैत्रिणींनो, मी त्या वेळी चाळीशीला टेकले होते. लहानपणापासून पाठशाळेत गेलेली बाई. कंदमुळात अनंत जीव असतात, ते उपटलं की सगळं झाडच मरतं, म्हणून आपण सोडतो, ही दोन वाक्यं मला कुणालाही सांगता आली नाहीत. इंग्रजी नव्हतं हे खोटं कारण. 'लाइफ', 'रूट', 'किल' हे शब्द मला येत होते. खरं कारण असं, की मला तोपर्यंत 'का' असं कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या आजूबाजूला सगळे आमच्यातलेच. कुठल्याही प्रश्नाला 'आमच्यात चालत नाही' एवढं उत्तर पुरायचं.

आता पहिला मुद्दा. थंड पाव.

उत्तर जर्मनीत संध्याकाळी पाव, चीज, काकडी असं थंडच खायची रीत आहे. तिला ते 'आबेंडब्रोट' म्हणतात, शब्दशः संध्याकाळचा पाव. गरम जेवण दुपारी. म्हणजे पाहुण्यांसाठी म्हणून बाईंनी उलट मुद्दाम सूप गरम केलं होतं! आणि भाषणात मी जे सांगितलंच नाही, ते पुढे घडलं. दुसऱ्या दिवशी त्या वही-पेन्सिल घेऊन खोलीत आल्या. काय चालतं, काय नाही, ह्यांना विचारून दोन रकाने केले. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा एका बाजूला, टोमॅटो, कोबी, वाटाणा, तांदूळ दुसऱ्या बाजूला. सूर्यास्ताआधी जेवायचं हे ऐकल्यावर त्यांनी वर्तमानपत्र उघडून सूर्य कधी मावळतो ते पाहिलं. एप्रिलअखेर तिथं साडेआठपर्यंत उजेड असतो. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सात वाजता टोमॅटो घातलेला भात आणि वाटाणे वाढले. कांदा नाही, लसूण नाही. चीज मात्र होतं, आणि चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात हे त्यांना सुचलं नाही. मलाही ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मी दोन तुकडे खाल्ले.

ज्या बाईनं माझ्यासाठी सूर्यास्ताची वेळ बघितली, तिच्याबद्दल मी माइकवरून सांगितलं की 'अन्नाला धर्म नाही'. खर्चाची नोंद केली, जमेची गाळली. असा हिशोब कुठल्या ऑडिटमध्ये टिकतो?

दुसरा मुद्दा. घराबाहेर काढलेला मुलगा.

त्या बाईंचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा त्याच शहरात वेगळा राहायचा. एका संध्याकाळी भेटायला आला. आईनं डबा दिला, बाबांशी हातात हात दिला आणि गेला. काय करतो विचारलं तर वृद्धाश्रमात कामाला, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं. मी मनात म्हटलं, बघा, शिकलेल्या घरातलं पोर आणि वॉर्डबॉयचं काम करतंय! भाषणात हेही मीठमिरची लावून सांगितलं.

त्याचं खरं कारण ह्यांनी मला परतीच्या विमानात सांगितलं होतं. तेव्हा जर्मनीत तरुण मुलांना सक्तीची सैनिकी सेवा होती, ती २०११ साली थांबली. पण ज्याचं मन शस्त्र घ्यायला तयार नाही, त्याला तसं लेखी कळवून नकार देता येत असे. तो हक्क त्यांच्या राज्यघटनेतच आहे. त्या बदल्यात दवाखान्यात, वृद्धाश्रमात एक वर्षाहून जास्त सेवा करावी लागे. त्या मुलानं बंदूक नको म्हणून म्हाताऱ्यांची सेवा पत्करली होती.

अहिंसेचा याहून चांगला धडा पाठशाळेत तरी कुठला असतो? आणि मी तो ऐकून, समजून घरी आले आणि भाषणातून वगळला. का? कारण तो माझ्या भाषणात बसत नव्हता. टाळ्या कशाला पडतात हे मला माहीत होतं.

इथं कुणी म्हणेल, काकू, पण त्यांचे म्हातारे एकटे पडतात हे तर खरं ना? खरं आहे. नाकारत नाही. त्याकडे येतेच. पण आधी माझी दुसरी खेप सांगते.

२००४ च्या नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी मी लेस्टरला गेले. पाच महिने राहिले. तोवर मी पाहुणी होते, आता घरातली झाले, त्यामुळे धक्के जास्त बसले. डिसेंबरात तिथं चारच्या आत सूर्य मावळतो. पावणेचारला ताट वाढायचं म्हणजे दुपारचं जेवण पोटातच असायचं! जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, असं लेकीनं सांगितलं. मग मला पहिल्यांदा कळलं, की 'सूर्यास्ताआधी' हा नियम घड्याळाचा नव्हे, उजेडाचा आणि जीवजंतूंचा आहे. गावात राहून मी तो इतकी वर्षं साडेसहाचा नियम म्हणून पाळत होते.

जावई सकाळी बाळाचे लंगोट बदलून, भांडी घासून कामावर जायचे. मला लाज वाटायची. मी त्यांच्या हातातून भांडी ओढून घ्यायची. लेक एकदा म्हणाली, "आई, तू जाशील एप्रिलमध्ये. मग कोण घासणार? त्याची सवय मोडू नकोस." मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

पण खरा धक्का वेगळाच. बाळंतपणानंतर तिथं सरकारी आरोग्यसेवेची परिचारिका घरी येते. फुकट. बाळाचं वजन करते, आईला तपासते. एक दिवस ती मला गोड बोलून म्हणाली, आजी, मला तुमच्या मुलीशी पाच मिनिटं एकटीशी बोलायचंय. मला बाहेर जायला सांगितलं! माझ्या लेकीच्या घरात! मी स्वयंपाकघरात जाऊन डिंकाच्या लाडवांच्या डब्याची झाकणं आपटत बसले. ती गेल्यावर विचारलं, काय एवढं गुपित होतं? लेक म्हणाली, "काही नाही गं. रडू येतं का, असं विचारलं. बाळाची भीती वाटते का, आपण वाईट आई आहोत असं वाटतं का."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं की रोज रात्री रडते."

मैत्रिणींनो, मी तिला डिंकाचे लाडू दिले, अळिवाची खीर दिली, शेक-शेगडी तिथंही जमवली, डोक्याला रुमाल बांधायला लावला. तिच्याच घरात, भिंतीपलीकडे झोपत होते. आणि तिला रडू येतं का, हे मी विचारलं नव्हतं. मला माझ्या दोन्ही बाळंतपणांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मला सुचलंही नाही. रडले मीही होते. त्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं.

माया आपल्याकडेच असते, असं मी १९९७ साली छाती ठोकून सांगितलं होतं. माया आपल्याकडे आहेच. लाडवाचा डबा ही मायाच. पण 'तुला काय होतंय' असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबणं, ही दुसरी माया. ती मला एका परक्या बाईनं, माझ्याच घराबाहेर काढून शिकवली.

आता तिसरा मुद्दा. जीवदया.

लेस्टरच्या शेजारीणबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. मुलगा दर रविवारी फोन करायचा, नाताळाला यायचा. बाकी वर्षभर त्या आणि त्यांची बाग. त्यांच्या एकटेपणाचं कौतुक मी करणार नाही. संध्याकाळी चारला अंधार पडल्यावर त्यांच्या खिडकीतला तो एक दिवा बघून मला गलबलून यायचं. हे दुःख तिथं आहे. आता ते आपल्या गावातही आहे, फक्त आपण त्याला 'मुलं पुण्याला असतात' असं म्हणतो.

एक दिवस मी मंदिरात जायला निघाले, लेकीच्या डोहाळजेवणाला घेतलेली रेशमी साडी नेसून. त्या कुंपणाशी होत्या. साडी खूप आवडली. मग विचारलं, हे रेशीम ना? मी अभिमानानं म्हटलं, प्युअर सिल्क. त्या थोडं घुटमळून म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं सांगितलं होतं की तुमचा धर्म किड्यालाही मारत नाही. मग रेशीम कसं चालतं?" त्या वीगन होत्या. दूध नाही, मध नाही, चामड्याचा बूटही नाही. कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आत किडा जिवंत असतो, एका साडीला असे हजारो कोश लागतात, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आपल्या कितीतरी साधू-साध्वींनी प्रवचनांतून सांगितलंय. आपण ऐकतो, माना डोलावतो, आणि पंचकल्याणकाला शालू नेसून पहिल्या रांगेत बसतो. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचंही तसंच. तो परंपरेनं जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटत, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही?

मी उलटी वादावादी करू शकले असते, की तुमच्या देशात मांसाची दुकानं किती! ती आहेतच. लेस्टरच्या बाजारात मासळीच्या रांगेपासून मी नाकाला पदर लावूनच जायची. पण त्या बाई देशाबद्दल बोलत नव्हत्या. त्या माझ्या साडीबद्दल विचारत होत्या.

'जीवदया त्यांच्या कोशातच नाही' हे वाक्य तर साफ खोटं होतं. जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था लंडनमध्ये १८२४ साली निघाली. शाकाहारी मंडळ १८४७ साली. वीगन मंडळ १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, जेव्हा जे मिळेल ते खायचे दिवस होते. जर्मनीनं २००२ साली प्राण्यांचं रक्षण राज्यघटनेत घातलं. स्वित्झर्लंडच्या नियमाप्रमाणे २००८ पासून कळपानं राहणारा गिनीपिगसारखा प्राणी एकटा पाळता येत नाही, जोडीला दुसरा लागतो. आपल्याही घटनेत प्राणिमात्रांवर दया हे कर्तव्य १९७६ साली घातलंय, आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका ही आपल्या देशाची सोय आहे, तिचा मला अभिमान आहे. पण दया ही आपल्या घरची मक्तेदारी नाही. ज्या देशात दया नाही असं मी म्हणाले, तिथं मांस खाणारे कोट्यवधी आहेत आणि ते सोडणारेही आहेत. ज्यांनी सोडलंय त्यांनी स्वतः विचार करून सोडलंय. आपण बहुतेक जणी जन्मामुळे शाकाहारी आहोत.

यावरून गांधीजींची गोष्ट आठवते. १८८८ साली ते विलायतेला निघाले, तेव्हा आईला भीती होती. बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली, मग आईनं परवानगी दिली. जातीनं मात्र त्यांना वाळीत टाकलं. लंडनमध्ये त्यांनी अर्धपोटी दिवस काढले पण प्रतिज्ञा मोडली नाही. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली आणि तिथं हेन्री सॉल्ट या इंग्रजाचं पुस्तक. ते वाचल्यानंतर आपण स्वतःच्या निवडीनं शाकाहारी झालो, असं त्यांनी आत्मकथेत सांगितलंय. बघा, प्रतिज्ञा आपल्या साधूनं दिली आणि कारण एका इंग्रजानं दिलं. दोन्ही लागलं. घरी बसले असते तर प्रतिज्ञेची गरजच पडली नसती आणि कारणही सापडलं नसतं.

आणि आपले वीरचंद गांधी? १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्म मांडायला ते गेले, कारण आत्मारामजी महाराजांना साधू म्हणून समुद्र ओलांडता येत नव्हता. अवघे एकोणतीस वर्षांचे. त्यांच्या जाण्यालाही समाजातल्या काहींनी विरोध केलाच. आज त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो. तेव्हाच्या बैठकीत आपण असतो तर कुठल्या बाजूला बसलो असतो, ते ज्यानं त्यानं मनाशी विचारावं.

लेस्टरचं मंदिर जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. १९८८ साली तिथं प्रतिष्ठा झाली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चक्रावले. एकाच छपराखाली श्वेतांबर मूर्ती, आपली दिगंबर वेदी, स्थानकवासींचा उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचं ज्ञानमंदिर. एका दारानं सगळे आत येतात. इथं आपल्या महाराष्ट्रात शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला, आपल्याच दोन पंथांच्या भांडणापायी, १९८१ पासून चार दशकं कुलूप होतं. चूक कुणाची यात मी पडत नाही. पण परदेशात धर्म बुडतो असं म्हणणाऱ्यांनी ही दोन दारं शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

आता कुणी म्हणेल, काकूंना परदेशाचं वारं लागलं. नाही हो. त्यांचं सगळं सोनं आणि आपलं सगळं शेण, हे बोलणारेही मला तितकेच नकोसे. दोन आठवड्यांची सहल करून येतात आणि विमानतळावर उतरल्यापासून नाक मुरडतात, मग स्वतःच केळ्याची साल गाडीच्या काचेतून बाहेर टाकतात. जर्मनीत काय अवघड आहे ते मी त्या पोरीला स्पष्ट सांगितलंय. थंडी हाडात शिरते. ओळख व्हायला वेळ लागतो. पार्टीत दारू असते आणि नको म्हणायला ठाम जीभ लागते. 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्या सूपमध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं, गोळीत जिलेटिन असू शकतं, म्हणून वाचायला आणि विचारायला शिकावं लागतं. एकटेपणाच्या संध्याकाळी येतातच.

खर्चाचंही सांगते, कारण बैठकीत त्यावर नुसता आवाज चढला, कागद कुणी काढला नाही. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते. राहण्या-खाण्याची एका वर्षाची रक्कम आधी बँकेच्या बंद खात्यात भरावी लागते आणि तिथं गेल्यावर ती दरमहा ठरावीक मिळते. म्हणजे पैसा बुडत नाही, पोरीच्याच खर्चाला येतो. मी आणि पोरीनं बसून दोन वर्षांचा जमाखर्च मांडला. तिच्या लग्नासाठी नणंदेच्या घरी जी रक्कम बाजूला काढलीय, तिच्या निम्म्याहून कमीत हे शिक्षण होतं. हा कागद मी नणंदेच्या हातात दिलाय.

माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांनाच आहे. आपल्या मंडळांत 'परदेश अनुभव' सांगायचे कार्यक्रम आजही होतात. मी गेल्याच वर्षी एक ऐकला. रस्ते स्वच्छ, माणसं थंड, खायचे हाल, संस्कार नाहीत. शब्दसुद्धा माझेच! आपण अनेकांतवादाचे लोक. एका वस्तूला अनेक बाजू असतात, हत्तीची आणि आंधळ्यांची गोष्ट आपण पाठशाळेत पोरांना सांगतो. आणि स्वतः मात्र शेपूट चाचपून येतो आणि माइकवर सांगतो की हत्ती दोरीसारखा असतो. ऐकणाऱ्या पहिल्या रांगेत कुणी तरुण सून बसलेली असते. ती ते पंचवीस-तीस वर्षं लक्षात ठेवते आणि एक दिवस स्वतःच्या मुलीच्या वाटेत आडवं घालते. नुसत्या गप्पा आहेत असं आपल्याला वाटतं, त्याची किंमत अशी कुणी तरी भरतं.

म्हणून एवढंच मागते. परदेशातून याल तेव्हा तिथल्या एका माणसाबद्दल सांगा ज्यानं तुमच्यासाठी काही केलं. आणि तिथल्या कुणी विचारलेला एक प्रश्न सांगा ज्याचं उत्तर तुम्हाला आलं नाही. बाकी रस्ते किती स्वच्छ ते आता सगळ्यांना मोबाईलवर दिसतं.

त्या पोरीला मी दोन गोष्टी शिकवतेय. एक, कुकरमध्ये वीस मिनिटांत होणारी मुगाची खिचडी. दुसरी, 'बटाटा का नाही' याचं उत्तर, तीन वाक्यांत, इंग्रजीत. पाठ करून नव्हे, समजून. तिनं मला उलट विचारलं, "मामीआजी, मग दूध का चालतं?" मी म्हटलं, ते आपण दोघी मिळून शोधू.

घरचा निर्णय अजून व्हायचाय. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि या वेळी मी बोलणार आहे. मंडळाच्या अध्यक्षांनाही मी सांगून ठेवलंय, क्षमावाणीच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं द्या. जिथं माइकवरून बोलले तिथंच माइकवरून मागे घेईन.

हानोव्हरच्या त्या घरमालकीण बाई आज हयात असतील की नाही, कुणास ठाऊक. त्यांना मराठी येत नाही आणि मला जर्मन येत नाही. तरी त्या सूपाबद्दल, त्या दोन रकान्यांबद्दल आणि त्या न सांगितलेल्या मुलाबद्दल, उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.